दोन बेरिंगांमधली नळी

निपाणीच्या पंचक्रोशीत एक निवृत्त गुरुजी राहत होते. आयुष्य मराठी प्राथमिक शाळेत गेलं. शेतात थोडा तंबाखू, थोडा ऊस. मुलं शिकली ती देवचंद कॉलेजात. निपाणीकर ज्याला आपलं म्हणतात त्या कॉलेजाचा पत्ता मात्र अर्जुननगर, तालुका कागल, महाराष्ट्र. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात, याचं या भागात कुणाला नवल वाटत नाही.

गुरुजींकडे 1994 ची बुलेट होती. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. मुलांनी चारचाकी घ्या म्हणून किती वेळा सांगितलं, पण गुरुजींचा जीव या गाडीवर. सुट्टी लागली की गुरुजी पुढे आणि काकू मागे, असे दोघे निघत. पंढरपूर, तुळजापूर, बदामी, गोकर्ण, चोर्ल्याच्या घाटानं गोवा. काकू नऊवारीतल्या. दोन्ही पाय डावीकडे सोडून, साडी गार्डवरच्या पायदानावर तळवे टेकवून बसायच्या. एक हात मागच्या दांडीवर, दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. त्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. रस्ता कितीही लांबचा असो, काकूंची तक्रार नसे.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या मागच्या चाकातून आवाज यायला लागला.

आधी बारीक होता. गाडीनं चाळिशी ओलांडली की घूं असा घुमायचा आणि वेगाबरोबर चढत जायचा. गुरुजी निपाणीतल्या एका गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीनं चेन बघितली. चेन ढिली होतीच. त्यानं चेन-सॉकेटचा नवा सेट टाकला. चार दिवस गाडी शांत वाटली, मग घूं पुन्हा सुरू. गुरुजी संकेश्वरला गेले. तिथं ब्रेकचे लायनर बदलले, ड्रम घासून दिला. आवाज तसाच. मग कोल्हापूरला नेली. तिथल्या मिस्त्रीनं चाक हातानं हलवून बघितलं आणि लगेच सांगितलं, "बेरिंग गेलंय." नवी बेरिंगं पडली. गुरुजी खुशीत घरी आले. पावसाळा संपायच्या आत पुन्हा घूं. पुन्हा नवी बेरिंगं, पुन्हा तेच.

दरवेळी मिस्त्री जुना भाग हातात देई आणि म्हणे, "बघा, किती खराब झाला होता." भाग खराब झालेला असेच. त्यामुळे गुरुजींना प्रत्येकाचं खरं वाटे. खिसा हलका होत गेला आणि मनात गाडीविषयी भीती बसली. मागचं चाक जाम झालं तर गाडी आडवी पडायला क्षण पुरतो, आणि निपाणीहून बेळगावकडे जाताना तवंदीचा घाट लागतोच. मागे ट्रक, पुढे ट्रक. त्या वर्षी दिवाळीनंतर हंपीला जायचं ठरलं होतं. गुरुजींनी ते रद्द केलं आणि गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. त्यानं आवाज ऐकला आणि निम्मी किंमत केली. त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "विकायची तर विका. पण आधी बेळगावला एकदा दाखवून या. उद्यमबागेत यंत्रं करणारी माणसं हायत. त्यांना कळंल."

काकूंचं म्हणणं बरोबर होतं. बेळगावचा उद्यमबाग म्हणजे ओतकामाचे कारखाने, लेथ आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग यांची वसाहत. त्या गल्ल्यांत दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज चालू असतो. मिलीमीटरच्या शंभराव्या भागावर वाद घालणारी माणसं तिथं चहाच्या टपरीवर भेटतात. गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिथला एक मिस्त्री सुचवला. तो चाळिशीतला होता. काही वर्षं कारखान्यात देखभालीच्या कामावर काढून त्यानं अनगोळच्या बाजूला स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं होतं. त्याचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, निवृत्त टर्नर होते. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांचा जुना लेथ होता.

निपाणी ते बेळगाव सुमारे 75 किलोमीटर. गुरुजींनी गाडी सावकाश चालवत नेली. काकू बरोबर होत्या.

गॅरेजात पोचल्यावर गुरुजींनी सवयीप्रमाणे गाडी डबल स्टँडवर चढवली आणि म्हणाले, "मागच्या चाकाचा आवाज आहे. बेरिंग बदला."

मिस्त्रीनं पाना उचलला नाही. त्यानं दोन स्टुलं पुसून पुढे ठेवली. "बसा की गुरुजी. काकू, तुम्हीपण बसा. चहा येतोय. आधी मला सांगा, आवाज कधीपासून आहे?"

गुरुजींनी सगळा इतिहास सांगितला. कुठं काय बदललं, किती पैसे गेले. मिस्त्री मधेमधे विचारत होता. क्लच दाबून गाडी वाहू दिली तर आवाज थांबतो का? थांबत नाही. म्हणजे इंजिनाचा नाही. ब्रेक मारला की बदलतो का? फारसा नाही. गिअर खाली टाकला, इंजिन जोरात फिरलं, पण गाडीचा वेग तोच राहिला, तर आवाज वाढतो का? नाही, तो गाडीच्या वेगाबरोबरच जातो. मिस्त्री मान हलवत होता.

मग तो काकूंकडे वळला. "काकू, तुम्ही मागं बसता. तुम्हाला काय कळतंय?"

काकू दचकल्या. इतक्या गॅरेजांत त्या गेल्या होत्या. सगळीकडे बाजूच्या दगडावर नाहीतर पालथ्या डब्यावर बसून राहिल्या होत्या. हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. त्यांनी गुरुजींकडे बघितलं आणि मग हळूहळू बोलायला लागल्या.

"मला आवाजाचं न्हाई कळत. पण पायाला कळतंय. मी पाय ठेवतो न्हवं, तिथं तळव्याला मुंग्या येत्यात. गाडी पळायला लागली की येत्यात, थांबली की जात्यात. आणि एक बघितलंय मी. चेन सैल झाली असली की त्या मुंग्या कमी असत्यात. ह्यांनी चेन आवळून आणली की दुसऱ्या दिवशी जास्ती."

मिस्त्रीच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. "नक्की, काकू?"

"नक्की. मागल्या म्हैन्यात पंक्चर काढली, चाक काढून बसवलं, तवाबी तसंच. घरी येईस्तोवर पाय बधिर झाला."

"आणि हे सगळं पहिल्यांदा सुरू कधी झालं?"

"पंढरपूरास्नं येताना. हायवेवर खड्ड्यात आपटून रिम वाकली होती. एका गॅरेजात रिम बदलली, तारा घातल्या, बेरिंगंबी बदलली. तवाधरनं."

"तिथं काय बघितलं?"

काकूंनी थोडा वेळ आठवलं. "तिथं एक पोरगा होता. चाक सोडल्यावर तो कायतरी हुडकत होता. बाकाखाली, तेलाच्या डब्यांमागं, लई वेळ. मग त्यानं करवतीनं एक पाइप कापला. मला वाटलं, असंल कामाचं कायतरी."

गुरुजी आपल्या बायकोकडे बघत राहिले. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी इचारलं?" काकू शांतपणे म्हणाल्या.

मिस्त्री उठला. आता त्याला काय शोधायचं ते कळलं होतं, तरी त्यानं थेट तिथं हात घातला नाही. तो गुरुजींना म्हणाला, "मला वाटतंय त्यावर मी काम करणार नाही. बाकीचं सगळं एकेक करून बाद होऊ दे."

त्यानं चेनची लॉक कडी काढली आणि चेन बाजूला केली. चाक हातानं फिरवलं. खरखर होतीच. चेन-सॉकेट बाद. ब्रेकच्या रॉडचा नट पार ढिला केला, म्हणजे लायनर ड्रमला कुठं लागायला नकोत. पुन्हा फिरवलं. खरखर तशीच. ब्रेक बाद. छोट्या पान्यानं एकेक तार हळू ठोकून बघितली. सगळ्या टणटणीत वाजल्या. एखादी ढिली असती तर तिचा ठोका मुका आला असता. तारा बाद. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्सलजवळ टेकवून त्यानं मूठ कानाच्या हाडाला लावली आणि चाक फिरवायला सांगितलं. आवाज सरळ हबच्या पोटातून येत होता.

"आता हे बघा," तो म्हणाला. त्यानं गुरुजींचा हात धरून टायरवर ठेवला. "फिरवा." चाक जड होतं. अर्ध्या फेरीत थांबलं. मिस्त्रीनं एक्सलचा नट एक वेढा ढिला केला. "आता फिरवा." चाक सुटल्यासारखं फिरलं, दोन-तीन वेढे घेऊन सावकाश थांबलं. खरखर होती, पण निम्म्याहून कमी. नट पुन्हा आवळला. चाक पुन्हा जड.

गुरुजींना हे कधी दिसलं नव्हतं. चेन ताणायची म्हणजे आधी एक्सलचा नट सोडायचा आणि शेवटी तो घट्ट आवळायचा. पंक्चरचं चाक बसवतानाही तेच. काकूंच्या पायाच्या मुंग्या दरवेळी त्या नटाबरोबर वाढत होत्या. चेन निमित्ताला होती, काम नट करत होता.

मिस्त्रीनं एक्सल ओढून काढला, चाक ड्रमपासून वेगळं केलं, मधली कपलिंग रबरं दाबून बघितली. ती ठीक होती. मग त्यानं हबमधली बेरिंगं ठोकून बाहेर काढली. पहिलं बेरिंग बाहेर आलं आणि पाठोपाठ हबच्या पोकळीतून एक लोखंडी नळी घरंगळत फरशीवर पडली. बोटभर लांबीची. दोन्ही टोकं करवतीनं कापलेली, एक टोक तिरपं, कडेला अजून कापताना निघालेले कंगोरे तसेच.

"हीच ती," काकू म्हणाल्या.

तोवर मागच्या खोलीतून अण्णा आले होते. चष्मा कपाळावर, हाताला काळं तेल. त्यांनी नळी उचलली, व्हर्नियर लावला, मग हबच्या दोन्ही बाजूंनी व्हर्नियरची मागची काडी आत घालून मापं घेतली. हबची पूर्ण रुंदी, त्यातून बेरिंग ज्या खाचेत बसतात त्या दोन्ही खाचांची खोली वजा. राहिली ती दोन बेरिंगांमधली खरी लांबी. अण्णांनी खडूनं फरशीवर आकडे लिहिले. नळी जवळजवळ दोन मिलीमीटरनं आखूड होती.

"दोन मिलीमीटरनं एवढं होतं?" गुरुजींनी विचारलं.

अण्णा फरशीवर मांडी घालून बसले. "गुरुजी, तुम्ही शेतकरी पण आहात, तुम्हाला लगेच कळेल. हबमध्ये दोन बेरिंगं, दोन बाजूंना. समजा ती दोन बैलं. मधली नळी म्हणजे जू. जू ओढत नाही, नांगरत नाही. दोन बैलांना ठरल्या अंतरावर ठेवतं, एवढंच. ते आखूड असलं तर दोन्ही बैलं एकमेकांना रेटतात आणि दोघांचीही मान सोलते."

मग त्यांनी खुणेनं दाखवलं. बेरिंगच्या बाहेरच्या कड्या हबच्या खाचेत टेकतात आणि तिथून हलत नाहीत. आतल्या कड्यांमधून एक्सल जातो. नट आवळला की तो आतल्या कड्यांना दोन्हीकडून दाबतो. मध्ये पुरी नळी असली तर तो दाब नळी घेते, आतल्या कड्या जागेवर राहतात आणि गोळ्या आपल्या खोबणीच्या मधोमध फिरतात. नळी आखूड असली तर आतल्या कड्या एकमेकींकडे सरकतात. गोळ्या खोबणीच्या मधून कडेला चढतात. नट जितका घट्ट, तितक्या गोळ्या कडेला. असं बेरिंग नवं असो की जुनं, भारी कंपनीचं असो की साधं, ते फार काळ टिकत नाही.

मिस्त्रीनं जुनं बेरिंग ग्राइंडरवर कापून उघडलं आणि आतली कडी उजेडात धरली. खोबणीत गोळ्या फिरून पडलेला चकचकीत पट्टा मधोमध असायला हवा होता. तो एका कडेला होता आणि तिथं पोलाद सुईनं टोचल्यासारखं उखडलेलं होतं. "कोल्हापूरच्या मिस्त्रीनं बेरिंग बरोबर नंबरचंच घातलं होतं," तो म्हणाला. "नंबरचे शेवटचे दोन आकडे 04 पासून पुढे असले तर ते पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप येतं, 04 असेल तर 20 मिलीमीटर, 05 असेल तर 25. माप चुकलेलं नाही. बेरिंगही खराब नव्हतं. ते खराब केलं जात होतं."

अण्णांना काहीतरी आठवलं. कारखान्यात असताना त्यांच्या विभागात एका जुन्या गोष्टीचा तक्ता लावलेला असे. "स्वीडनमध्ये गोथेनबर्ग म्हणून गाव आहे," ते सांगू लागले. "तिथल्या कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा देखभालीचा इंजिनिअर होता. गिरणीची जमीन चिकणमातीची. जमीन दबायची, इमारत हलायची आणि सगळी यंत्रं फिरवणारे लांब दांडे सरळ रेषेत राहायचे नाहीत. बेरिंगं सारखी जायची. बदलायची, पुन्हा जायची. विंगक्विस्टनं विचार केला, बेरिंग वाईट की त्याच्यावर येणारा दाब वाईट? दांडा तर तिरपा होणारच, मातीला कोण आवरणार? मग त्यानं असं बेरिंग काढलं की दांडा थोडा तिरपा झाला तरी ते आपोआप त्याच्याबरोबर वळून घेईल. साल 1907. त्यातूनच एसकेएफ कंपनी उभी राहिली. आपल्याकडं चिंचवडला त्यांचा कारखाना आहे. बाकीचे बेरिंग बदलत बसले, त्यानं बेरिंग का मरतंय ते बघितलं."

मग अण्णा उठले आणि लेथवर गेले. जाड भिंतीची नळी निवडली, चकमध्ये बसवली, आधी एक टोक फेसिंग करून सरळ केलं. उलटी फिरवून दुसरं. थोडं काप, थांब, माप. पुन्हा थोडं काप, पुन्हा माप. व्हर्नियरवरची रेघ बघायला ते नळी दिव्याजवळ नेत होते. हबच्या अंतरापेक्षा केसभर जास्त, मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतकी लांबी त्यांनी मुद्दाम ठेवली, म्हणजे नटाचा दाब नळीवरच येईल, गोळ्यांवर येणार नाही. शेवटी कानसीनं कडेचे कंगोरे काढले, नळी रॉकेलमध्ये धुतली आणि काकूंच्या हातात दिली. "बघा काकू. आता जू पुरं झालं."

काकूंनी ती दोन्ही हातांत घेऊन फिरवून बघितली. टोकावर बोट फिरवलं. कुठं टोचलं नाही.

बेरिंगं बसवतानाही मिस्त्रीनं घाई केली नाही. हबची खाच फडक्यानं पुसून कोरडी केली. नव्या बेरिंगच्या बाहेरच्या कडीवर बसेल एवढा गोल तुकडा ठेवून सगळीकडून सारखं ठोकत पहिलं बेरिंग खाली उतरवलं. आतल्या कडीवर हातोडा पडू दिला नाही. तो पडला असता तर धक्का गोळ्यांमधून गेला असता आणि बेरिंग बसता बसताच जखमी झालं असतं. मग ग्रीस. मग नळी. मग दुसरं बेरिंग. बोट आत घालून आतली कडी फिरवली, मध्ये थोडी आडवी रेटून बघितली. मोकळी होती.

चाक चढलं. चेन लागली. चेनच्या मधोमध बोटानं वरखाली करून सुमारे 25 मिलीमीटर ढील ठेवली. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून बघितलं. आता एक्सलचा नट. मिस्त्रीनं तो पूर्ण ताकदीनं आवळला आणि बाजूला झाला. "गुरुजी, फिरवा."

चाक फिरलं. नट आवळलेला असताना. कितीतरी वेढे घेऊन सावकाश थांबलं, आणि खरखर कुठेच नव्हती.

"थांबा, काकूंना बसवून एक फेरी मारून या," मिस्त्री म्हणाला. "पिरनवाडीपर्यंत जा, चाळिशीच्या वर न्या. मी काकूंना विचारणार."

दोघं जाऊन आले. गुरुजी काही बोलायच्या आत मिस्त्री काकूंपुढे जाऊन उभा राहिला. काकू हसल्या. "पाय जागा हाय. मुंग्या न्हाईत."

पैसे देताना गुरुजींच्या मनातला राग वर आला. "त्या हायवेवरच्या पोराला आता जाऊन झाडतो. आमची नळी हरवली आणि कसला तरी पाइप कापून घातला. आमचा जीव गेला असता."

अण्णांनी आखूड नळी फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवली आणि मिस्त्रीनं एका कागदावर हबचं माप, नळीची नवी लांबी आणि बेरिंगचा नंबर लिहून दिला. "कागद गाडीच्या कागदांत ठेवा. पुढचा मिस्त्री कोण असेल कुणास ठाऊक, त्याला अंधारात चाचपडायला लागू नये. आणि ही नळी त्या पोराला द्या. ओरडू नका. दाखवा. ओरडलात तर तो पुढच्या वेळी हरवलेली गोष्ट लपवेल. दाखवलीत तर पुढच्या वेळी माप घेईल. पुढची गाडी कुणाची असेल आणि तिच्यावर मागं कोण बसलेलं असेल, आपल्याला काय माहीत?"

परतताना तवंदीचा घाट उतरून दोघं त्या गॅरेजाशी थांबले. पोरगा आता तिथला कर्ता मिस्त्री झाला होता. गुरुजींनी शाळेत फळ्याशी उभं राहून समजावत तसं सगळं समजावलं. आतली कडी, बाहेरची कडी, नटाचा दाब, गोळ्या कडेला. पोरगा नळीकडे बघत ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. त्यानं सांगितलं, ती नळी खरंच हरवली होती. मालक बाहेर गेलेला, गिऱ्हाईक खोळंबलेलं, रात्र झालेली. विचारायला कुणी नव्हतं आणि विचारायची लाजही वाटली. बेरिंगं फिरतात, गाडी चालते, मध्ये एक नळी कमी-जास्त असली तर काय होणार, असं वाटलं.

"आता कळलं न्हवं?" काकू म्हणाल्या. "मग झालं."

त्यानं ती आखूड नळी ठेवून घेतली आणि गुरुजींकडून माप घ्यायची रीत पुन्हा एकदा वदवून घेतली. गुरुजी निघाले तेव्हा एक स्कूटर त्याच्याकडे आली. मुलगा चालवत होता, मागे आजी होती. पोऱ्यानं आधी आजीला स्टूल दिलं आणि मग मुलाला विचारलं, "काय होतंय?" आणि लगेच आजीकडे वळून, "आजी, तुम्हाला मागं काय जाणवतंय?"

दिवाळीनंतर गुरुजी आणि काकू हंपीला जाऊन आले.

तात्पर्य असं की, जे वाजतं त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण ते त्रास देतं. चेन वाजली, चेन बदलली. बेरिंग वाजलं, बेरिंग बदललं. बदलणाऱ्या प्रत्येकानं काम प्रामाणिकपणे केलं, भाग चांगला घातला, तरी दुखणं जागच्या जागी राहिलं, कारण दुखणं वाजणाऱ्या भागात नव्हतं. ते न वाजणाऱ्या, न फिरणाऱ्या, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या एका आखूड नळीत होतं. आणि त्या नळीची साक्ष होती दगडावर गप्प बसलेल्या काकूंकडे.

घरातही असंच होतं. मूल सारखं चिडतं, त्याला दटावलं जातं. सून सारखी आजारी पडते, औषधं बदलली जातात. शेतात एकाच बांधावरून दरवर्षी भांडण होतं, दरवर्षी पंच बदलले जातात. जो आवाज करतो त्याला गप्प करणं सोपं असतं आणि चार दिवस शांतताही मिळते. पण तोच आवाज पुन्हा आला, तर हातातला पाना खाली ठेवावा. हे पहिल्यांदा कधी झालं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, ते विचारावं. आणि ते विचारताना सगळ्यांत आधी त्याच्याकडे वळावं, ज्याला आजवर कुणी विचारलं नाही आणि जो सगळा भार मुकाट्यानं सोसत मागं बसलेला आहे.